वाळलेल्या सालीतील कोरीव काम : एक छंद व त्याची मर्यादा

बांधावरील झाड वठले की त्याच्या लाकडाचा हिशेब लगेच होतो. ओंडके कोणी न्यावयाचे, फांद्या कोणाच्या चुलीत जावयाच्या, हे पुष्कळदा झाड आडवे होण्यापूर्वीच ठरलेले असते. सालीचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. ती चुलीत जाते, उकिरड्यावर पडते किंवा जागच्या जागी कुजते. या टाकाऊ सालीतून माणसांचे चेहरे, पशुपक्षी, घरे व होड्या कोरण्याचा छंद जगाच्या निरनिराळ्या भागांत लोकांनी जोपासला आहे. त्याला भांडवल थोडे लागते, हत्यारे चार-दोन पुरतात आणि शेतीची कामे मंदावलेल्या दिवसांत तो घरबसल्या करता येतो. ग्रामीण युवक मंडळे व शाळा यांना तो सहज घेता येण्यासारखा आहे.

परंतु या छंदाला एक मर्यादा आहे व ती प्रथमच समजून घेतली पाहिजे. वाळलेली साल ही टाकाऊ वस्तू आहे. जिवंत झाडाची साल हा त्या झाडाचा प्राण आहे. हा भेद ध्यानात न घेता उत्साहाच्या भरात हिरव्या झाडावर पटाशी चालविली, तर एका शोभेच्या वस्तूपायी तीस-चाळीस वर्षांचे झाड गमावण्याची पाळी येते. म्हणून कोरण्याची कृती सांगण्यापूर्वी साल म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले आहे.

हा छंद कोठे कोठे आढळतो

आपल्या देशात उत्तराखंडातील कुमाऊँ भागात चीड वृक्षाच्या सालीवर कोरीव काम करतात. चीड हा हिमालयाच्या सुमारे ५०० ते २,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात वाढणारा सूचिपर्णी वृक्ष होय. त्याची साल तांबूस तपकिरी, जाड व खोल भेगांनी खवल्याखवल्यांत विभागलेली असते. जुन्या झाडाचे हे खवले आपोआप सुटून खाली पडतात. या सालीला तिकडे ‘बगेट’ म्हणतात. जमिनीवर पडलेला बगेट उचलून त्यातून मंदिरे, घरे, मूर्ती व वाद्ये यांच्या लहान प्रतिकृती करणारे कारागीर त्या भागात आहेत. मे २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ या कार्यक्रमात हलद्वानी येथील एका बगेट कारागिराचा उल्लेख झाल्यामुळे या कलेकडे देशाचे लक्ष वेधले गेले.

उत्तर अमेरिकेत हेच काम कॉटनवुड नावाच्या झाडाच्या सालीवर चालते. हे पॉप्लर जातीचे झाड नदीकाठी झपाट्याने वाढते. त्याच्या बियांना कापसासारखे तंतू असतात, त्यावरून त्याला हे नाव पडले. कॅन्सस, नेब्रास्का व वायोमिंग या राज्यांनी त्याला आपला राज्यवृक्ष मानले आहे. जुन्या कॉटनवुडची साल पाच ते दहा सेंटिमीटर, क्वचित त्याहूनही जाड असते. बाहेरून ती करड्या रंगाची व खडबडीत दिसते. आत मात्र तांबूस, हलकी व मऊ असते. दाढीवाला म्हातारा हा तेथील छंदिष्टांचा आवडता विषय आहे. सालीवरील उभ्या भेगा त्याच्या दाढीच्या बटांना आयत्याच उपयोगी पडतात. वाकड्या धुराड्यांची, अरुंद जिन्यांची व चिमुकल्या खिडक्यांची घरेही या सालीतून कोरतात.

फिनलंड व स्वीडन या देशांत पाइन वृक्षाच्या सालीची होडी चाकूने कोरून ती ओढ्यात सोडणे हा मुलांचा जुना खेळ आहे. साल हलकी असल्यामुळे ती पाण्यावर उत्तम तरंगते.

या तिन्ही ठिकाणची झाडे वेगळी असली तरी एक गोष्ट समान आहे. कामाला येणारी साल ही गळून पडलेली, अगर वठलेल्या वा उन्मळलेल्या झाडाची असते. ही केवळ दयाबुद्धी नव्हे, त्यात कामाचीही सोय आहे. ओली साल वाळताना आकसते, वाकडी होते व तडकते. त्यामुळे कोरलेली आकृती बिघडते.

सालीची रचना

झाडाचे खोड आडवे कापले असता मध्यभागी लाकूड व त्याभोवती साल दिसते. या दोहोंच्या दरम्यान एक अत्यंत पातळ, ओलसर थर असतो. त्याला वर्धक थर म्हणता येईल. खोडाची जाडी वाढते ती याच थरामुळे. तो आतल्या बाजूस लाकूड व बाहेरच्या बाजूस साल तयार करतो. पावसाळ्यात हिरव्या फांदीची साल ओढली असता ती सहज सुटते व खाली बुळबुळीत पृष्ठभाग लागतो, हा सर्वांचा अनुभव आहे. साल सुटते ती या नाजूक थराच्या जागी.

सालीचे पुन्हा दोन भाग पडतात. लाकडाकडील भाग म्हणजे अंतःसाल. ही जिवंत असते. पानांत तयार झालेले अन्न तिच्यातून खाली मुळांपर्यंत जाते. बाहेरील भाग म्हणजे बाह्यसाल. हिच्यातील पेशी मेलेल्या असतात व त्यांच्या भिंतींत पाणी सहसा आत न शिरू देणारे मेणासारखे द्रव्य साठलेले असते. ऊन, आग, कीड व आघात यांपासून झाडाचे रक्षण करणे हे बाह्यसालीचे काम. चीडसारख्या झाडाला जंगलातील वणव्यातून वाचविणारी ढाल ही जाड बाह्यसालच होय.

खोड जाड होऊ लागले की बाहेरची मेलेली साल त्याला पुरत नाही. ती फाटते व तिला भेगा पडतात. तिच्या आत नवा थर तयार होतो, पुढे तोही मरतो. असे थरावर थर वर्षानुवर्षे साठतात. कोरीव कामासाठी लागणारी जाड साल म्हणजे हे साठलेले मृत थर होत. म्हणूनच ती फक्त वयस्क झाडांवर मिळते. पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश या भागांतील शेतकरी कॉटनवुडच्याच जातीचे पॉप्लर लावतात. पण ती झाडे सहा ते आठ वर्षांत तोडली जातात, त्यामुळे त्यांची साल कोरीव कामाला पुरेल इतकी जाड होत नाही.

गुटी कलमाचा दाखला

अंतःसालीचे महत्त्व शेतकऱ्यांना नवे नाही. डाळिंबाची गुटी बांधताना फांदीवरील सालीचे दोन-तीन सेंटिमीटर रुंदीचे कडे काढून टाकतात व त्या जागी ओलसर शेवाळ बांधतात. काही दिवसांनी मुळे फुटतात, ती कड्याच्या वरच्या काठाला. याचे कारण उघड आहे. पानांकडून खाली येणारे अन्न त्या ठिकाणी अडते व तेथेच साठते. फांदी मात्र हिरवी राहते, कारण मुळांनी शोषलेले पाणी लाकडातून वर चढत असते व लाकूड तोडलेले नसते.

फांदीऐवजी मुख्य खोडावरच असे पूर्ण कडे निघाले, तर काय होईल? पाणी वर जात राहील व झाड काही काळ हिरवेगार दिसेल. परंतु मुळांना अन्न मिळणार नाही. ती आपल्या साठ्यावर तग धरतील व साठा संपला की मरतील. मुळे मेली की पाणीही थांबेल व संपूर्ण झाड वाळेल. या सर्व गोष्टीला कित्येक महिने, मोठ्या झाडात त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणूनच साल काढणाऱ्याला आपण झाड मारले, याची जाणीव होत नाही. ‘साल काढली तेव्हा झाड चांगले होते, पुढे ते रोगाने गेले,’ असे तो प्रामाणिकपणे सांगतो.

पूर्ण कडे न काढता एका बाजूची साल काढली तरी नुकसान होतेच. त्या बाजूच्या मुळांना अन्न कमी पडते आणि उघड्या लाकडातून वाळवी, खोडकिडा व कुजविणारी बुरशी यांना वाट मिळते.

जिवंत झाडाची साल झाडाला न मारता काढता येते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पोर्तुगालमधील बुचाचा ओक. पण तेथील शिस्त ध्यानात घेण्याजोगी आहे. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे होईपर्यंत त्याला हात लावीत नाहीत. त्यानंतर नऊ वर्षांतून एकदाच बाह्यसाल काढतात. अनुभवी कामगार कुऱ्हाडीने फक्त बाहेरचा बुचाचा थर सोडवितो व आतील जिवंत थराला धक्का लागू देत नाही. साल कोणत्या वर्षी काढली, हे कळावे म्हणून खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवून ठेवतात. हे झाड निराळ्या जातीचे, बुचाचा थर पुन्हा तयार करणारे आहे. आपल्याकडील झाडांवर हा प्रयोग करू नये.

साल कशी निवडावी

कोरीव कामासाठी सालीत पुढील गुण असावेत.

(१) जाडी निदान अडीच सेंटिमीटर असावी. तीन-चार सेंटिमीटर असल्यास उत्तम.

(२) साल पूर्ण वाळलेली, पण कुजलेली नसावी. बोटाने टिचकी मारली असता खणखणीत आवाज यावा. खिळा टोचला असता तो भुशात शिरावा तसा शिरला, तर ती साल टाकून द्यावी.

(३) ती तंतुमय नसावी. धारदार चाकूने कोपरा कापून पाहावा. काप गुळगुळीत आला तर साल कामाची. दोरे निघाले किंवा चुरा झाला तर ती निरुपयोगी समजावी.

(४) थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असावेत. हाताने हलकेच वाकविले असता थर सुटू लागले, तर कोरताना आकृती फुटेल.

वठलेल्या झाडाची साल काही काळाने आपोआप सैल होते. पाचर किंवा पहारीचे चपटे टोक फटीत घालून हलके दाबले की ती सुटते. बळ लावावे लागत असेल, तर झाड अजून पुरते मेलेले नाही, असे समजून काम थांबवावे. पानगळीच्या झाडांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. उन्हाळ्यात निष्पर्ण दिसणारे झाड मेलेलेच असेल, असे नाही. नखाने बारीक डहाळी खरवडून पाहावी. खाली हिरवट ओल दिसली तर झाड जिवंत आहे.

सैल सालीखाली विंचू, गोम व पाली यांचा आसरा असतो. उघड्या हाताने साल ओढू नये. तसेच उभ्या वठलेल्या झाडाच्या ढोलीत पिंगळे, पोपट यांची घरटी असतात. घरटे असल्यास ते झाड त्या हंगामात तसेच सोडावे.

घरी आणलेली साल ताठ ब्रशाने झाडून माती काढावी. मातीचे कण राहिल्यास हत्याराची धार लगेच जाते. नंतर ती सावलीत, हवेशीर जागी, घरातील लाकडी सामानापासून दूर काही आठवडे ठेवावी. त्या अवधीत खाली बारीक भुसा पडलेला दिसला तर आत कीड आहे, असे जाणून तो तुकडा जाळून टाकावा.

हत्यारे

आरंभास आखूड व टोकदार पात्याचा एक चाकू, सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची सपाट पटाशी, गोल तोंडाची एक पटाशी, कानस व काचकागद एवढे सामान पुरते. गावच्या सुताराकडून जुनी हत्यारे धार लावून घेतली तरी चालतात. धार मात्र उत्तम असली पाहिजे. साल मऊ असल्यामुळे बोथट हत्यारही चालेल, असा समज होतो. तो चुकीचा आहे. बोथट हत्याराने साल कापली न जाता चिरडली जाते व तिचे थर उचकटतात. धार दगडावर लावून शेवटी चामड्याच्या पट्टीवर चार-सहा वेळा फिरवावी व काम करताना अधूनमधून हे पुन्हा करावे.

हत्यार नेहमी अंगापासून व धरलेल्या हातापासून दूर चालवावे. साल शिकंजात धरावी किंवा पाटावर खिळ्यांची आडण करून तिला टेकवावी. हातात धरावी लागल्यास डाव्या हातात जाड मोजा घालावा. मुलांना हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करू द्यावे. कानशीने घासताना उडणारी धूळ बारीक असते. नाकातोंडावर फडके बांधावे.

पहिली आकृती : पिंगळा

नवशिक्याने चेहरे व घरे यांच्या मागे न लागता पिंगळ्यापासून आरंभ करावा. या लहान घुबडाचा आकार सोपा व गोलसर असतो. शिवाय उंदीर व किडे खाणारा हा पक्षी शेतकऱ्याचा मित्र आहे.

प्रथम बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब व सात-आठ सेंटिमीटर रुंद असा तुकडा घ्यावा. लाकडाकडील बाजू रंध्याने किंवा कानशीने सपाट करावी. ही आकृतीची पाठ होय. पुढील बाजूची खडबडीत साल सर्वत्र काढू नये. मध्यभागी पिंगळ्याएवढी जागा मोकळी करून भोवतालची साल तशीच ठेवावी, म्हणजे पक्षी ढोलीतून डोकावत असल्याचा भास होतो.

मोकळ्या केलेल्या जागेवर पेन्सिलीने अंडाकृती बाह्यरेषा काढावी. वरच्या तिसऱ्या भागात डोके व खालच्या दोन भागांत धड अशी विभागणी करावी. बाह्यरेषेवर चाकूचे टोक उभे धरून तीन-चार मिलिमीटर खोल चीर द्यावी. मग पटाशी बाहेरून या चिरेकडे चालवून भोवतालचा भाग खाली घ्यावा. चीर आधी दिलेली असल्यामुळे पटाशी तेथे थांबते व आकृतीचे थर सुटत नाहीत. सालीच्या कामातील ही मुख्य युक्ती आहे. प्रथम थांबण्याची चीर, मग काप, हा क्रम कधीही मोडू नये.

त्यानंतर डोके व धड यांच्या कडा गोल कराव्यात. डोळ्यांच्या जागी गोल पटाशी फिरवून दोन उथळ वाट्या कराव्यात व प्रत्येकीच्या मध्यभागी बुबुळाचा उंचवटा राखावा. दोहोंच्या मध्ये चोचीसाठी लहान त्रिकोण सोडावा. छातीवरील पिसे चाकूच्या टोकाने लहान अर्धगोल रेषांनी दाखवावीत. पातळ काप घ्यावेत. एका वेळी जास्त काढण्याचा मोह धरला की कपचा उडतो. कपचा उडालाच, तर तो जपून ठेवावा व सुतारांच्या पांढऱ्या डिंकाने जागच्या जागी बसवून रात्रभर दाबून ठेवावा. सांधा बहुधा दिसत नाही.

शेवटी ब्रशाने धूळ झाडून जवसाचे उकळलेले तेल पातळ हाताने लावावे. तेलाने सालीचा तांबूस रंग खुलतो. ते पूर्ण वाळल्यावर वाटल्यास मेण घासावे. येथे एक धोक्याची सूचना अवश्य लक्षात ठेवावी. जवसाच्या तेलात भिजलेले फडके चुरगाळून टाकल्यास ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. असे फडके गवताच्या गंजीजवळ किंवा घरात टाकू नये. पाण्यात बुडवून ठेवावे किंवा उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावे व मगच टाकून द्यावे.

महाराष्ट्रातील परिस्थिती

चीड व कॉटनवुड ही दोन्ही झाडे महाराष्ट्राच्या हवामानातील नव्हेत. तेव्हा त्यांची साल येथे मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. येथील प्रत्येक झाडाची साल कोरीव कामास चालेलच, असेही नाही. निलगिरी व पेरू यांची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते. तिच्यात कोरण्यास जाडीच नसते. बाभळीची जुनी साल भेगाळ व कठीण असते. म्हणून गावात वठलेले किंवा वादळात उन्मळलेले जुने झाड मिळाल्यास वर सांगितलेल्या चार कसोट्या लावून पाहाव्यात व मगच कामास लागावे. साल कसोटीस उतरली नाही, तर त्याच हत्यारांनी मऊ लाकडावर हात बसवावा. सावंतवाडीच्या प्रसिद्ध लाकडी खेळण्यांसाठी व फळांसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरीत आले आहेत. छाटलेल्या पांगाऱ्याची वाळलेली फांदी नवशिक्यास चांगली उपयोगी पडेल.

काटेसावरीचाही येथे विचार करता येण्यासारखा आहे. तिच्या खोडावरील शंकूच्या आकाराचे काटे लाकडातून निघालेले नसतात; ते सालीचेच उंचवटे होत. म्हणून ते आडवा दाब देताच बुडासकट निघतात. नायजेरियातील ओवो येथील जस्टस अकेरेडोलू यांनी १९३० च्या दशकात तिकडील सावरवर्गीय झाडांच्या अशाच काट्यांतून चिमुकल्या आकृती कोरण्यास आरंभ केला. शेतकरी, कांडण करणाऱ्या स्त्रिया, होडी वल्हविणारे नावाडी असे गावचे सगळे जीवन या काट्यांतून उभे राहिले व पुढे ती त्या भागाची ओळखीची कला झाली. आपल्या काटेसावरीचे काटे आकाराने लहान असतात. त्यांतून गुंडी, पाखराचे डोके, सोंगटी अशा वस्तू करून पाहता येतील. काटे मात्र तुटून पडलेल्या फांद्यांवरचेच घ्यावेत. कोवळ्या झाडाचे काटे हे त्याचे संरक्षण आहे. पाने झडलेल्या दिवसांत फुलणारी सावर कितीतरी पाखरांना मध पुरविते, हेही विसरू नये.

कायद्याची बाजू

भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील व्याख्येनुसार साल ही वनात सापडलेली असो वा नसो, वनोपजातच मोडते. तेव्हा राखीव वनातून साल आणणे, तसेच मोठ्या प्रमाणावर तिची वाहतूक वा विक्री करणे, यापूर्वी वनरक्षक किंवा वनपाल यांच्याकडे चौकशी करावी. आपल्या शेतातील उभे झाड तोडावयाचे असल्यास महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ मधील तरतुदी पाहाव्यात. सार्वजनिक रस्त्याकडेची झाडे, मग ती वठलेली का असेनात, परवानगीवाचून हात लावण्याची नव्हेत.

साल सोललेल्या झाडावर उपचार

एखाद्या जिवंत झाडाची साल कोणी काढली असल्यास उपचारास विलंब करू नये. जखमेच्या लोंबत्या कडा स्वच्छ धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत साफ कराव्यात व त्यावर बोर्डो मलम लावावे. यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हे प्रमाण घ्यावे. मोरचूद व चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत निम्म्यानिम्म्या पाण्यात विरघळवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये. मिश्रणात स्वच्छ चाकूचे पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. थोड्या झाडांसाठी याच प्रमाणात कमी मलम करावे व ते ताजेच वापरावे. फळझाडाच्या खोडावरील सालीचे पूर्ण कडे निघाले असेल, तर त्याच झाडाच्या काड्या जखमेच्या खालच्या व वरच्या सालीत बसवून सेतू कलम करता येते. हे काम जाणकाराकडून व साल सुटण्याच्या हंगामातच करवून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा छंद शिकविताना त्याच्यापासून मोठे उत्पन्न मिळेल, अशी आशा कोणालाही दाखवू नये. उत्पन्नाच्या आशेने सालीची मागणी वाढली की वठलेली झाडे पुरत नाहीत व मग हिरव्या झाडांकडे हात वळतात. औषधी सालीच्या झाडांची अशी हानी पुष्कळ ठिकाणी झालेली आहे. छंद म्हणून त्याची योग्यता पुरेशी आहे. हाताला वळण लागते, डोळ्याला आकार दिसू लागतो व रिकामा वेळ सत्कारणी लागतो. कोरताना निघालेल्या कपच्या कुंड्यांत व रोपांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून पसराव्यात.

शिकवणीच्या पहिल्या दिवशी हत्यार हातात देण्यापूर्वी दोन गोष्टी दाखवाव्यात. एक, बांधलेली गुटी सोडून वरच्या काठाला फुटलेली मुळे. दुसरी, साल सोलल्यामुळे वाळलेले एखादे झाड. ते बहुतेक गावांत सापडते. या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहिलेल्या मुलाला पुढे वेगळा उपदेश करावा लागणार नाही. झाड जिवंत असेतो त्याची साल झाडाची. ते वठल्यावर ती आपली, हा नियम त्याने पाळला म्हणजे त्याच्या हातचा पिंगळाही शोभेल व बांधावरील झाडही उभे राहील.